आबांची भीती

शर्वीच्या पोटात दुखायला लागलं की आधी ती गप्प व्हायची. मग दोन्ही हात बेंबीवर यायचे, गुडघे पोटाशी जायचे आणि ओठांभोवती पांढरी कड दिसायला लागायची. रडायची मात्र नाही. सहा वर्षांची पोर एवढं दुखूनही रडत नाही, याचीच ऋतुजाला जास्त भीती वाटायची.

त्या सोमवारी डब्यात पोळीभाजी भरता भरता तिनं मागं वळून पाहिलं, तर शर्वी स्वयंपाकघराच्या दारात उकिडवी बसलेली. एक मोजा पायात, दुसरा हातात.

"परत?"

शर्वीनं मान हलवली.

"कुठं दुखतंय? दाखव."

बोट बेंबीवर गेलं. नेहमी तिथंच जायचं.

ही एकतिसावी खेप. ऋतुजानं तारखा लिहून ठेवल्या होत्या, कारण तिचा स्वभावच तसा होता आणि कामही. कराड तालुक्यातल्या दुकानांचे वजनकाटे, पंपांची मापं, गाड्यांच्या चार्जिंग केंद्रांची मीटरं बरोबर आहेत की नाहीत, हे तपासणारी ती सरकारी निरीक्षक होती. चार महिन्यांत तीन डॉक्टर झाले होते. जंतांचं औषध झालं, सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी-शौच सगळं तपासून झालं, गहू बंद करून झाला. प्रत्येक कागदावर 'नॉर्मल' लिहिलेलं. त्या शब्दावर आता तिचा विश्वास उरला नव्हता. तिच्या आईलाही आधी सगळं नॉर्मलच होतं. 'ॲसिडिटी आहे, तिखट कमी करा,' म्हणता म्हणता सात महिन्यांत आई गेली होती.

"ये बाळा, इकडं ये," असं म्हणत आबा बाहेरच्या खोलीतून आले. आबा म्हणजे ऋतुजाचे वडील, आनंदराव शेडगे. सगळा जन्म एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून गेला. कुठली गाडी कुठून किती वाजता सुटते, हे झोपेतही सांगायचे. आई गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, ते लेकीकडे राहायला आले. ऋतुजाचा नवरा सौरभ कोयनेच्या वीजकेंद्रात पाळीवर असायचा, आठवड्यातले चार दिवस तिकडंच. त्यामुळं शर्वीला शाळेतून आणणं, जेवू घालणं, सगळं आबांकडे होतं.

त्यांनी ओव्याची पूड आणि कोमट पाणी आणलं. शर्वीनं ते निमूटपणे घेतलं आणि आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिली. ऋतुजानं ते बघणं पाहिलं. त्याचा अर्थ तिला तेव्हा काहीच लागला नाही.

मिरजेला मुलांच्या पोटविकारांच्या डॉक्टर फातिमा मुजावर यांच्याकडे नंबर लागायला दीड महिना गेला. शर्वीच्या पोटाला हात लावण्याआधी त्यांनी स्वतःचे तळहात एकमेकांवर चोळून गरम केले. तपासून झाल्यावर शर्वीला खेळायला बाहेर पाठवलं आणि ऋतुजाला म्हणाल्या, "हिला खरंच दुखतं का, हे विचारायला आलाय का तुम्ही?"

"नाही. दुखतंय हे मला माहितीय. का दुखतंय ते सांगा."

"मग आपलं जमेल." डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "आपल्या आतड्यांच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशी असतात. इतक्या, की पोटाला दुसरा मेंदू म्हणतात. पोटापासून डोक्यापर्यंत एक लांब चेता जाते. तिच्यातले बहुतेक तंतू खालची बातमी वर नेतात. मेंदू पोटाला जेवढं सांगतो, त्याच्या कितीतरी पट पोट मेंदूला सांगत असतं. आणि जठराला स्वतःचा ठेका असतो, मिनिटाला साधारण तीन लाटा. सूज आली तर तो एका तऱ्हेनं बिघडतो, जंतू गेले तर दुसऱ्या, माणूस घाबरला तर तिसऱ्या. दहा-पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत आम्हाला यातला फरक ओळखू येत नव्हता. आता येतो."

त्यांनी तळहाताएवढी, कातडीच्या रंगाची एक पातळ पट्टी टेबलावर ठेवली. शेजारी साबुदाण्याएवढी गोळी. गोळी गिळायची, ती पंधरा दिवस जठराच्या भिंतीला धरून राहते आणि मग विरघळून जाते. ती आतून ऐकते, पट्टी बाहेरून. लाखो मुलांच्या नोंदी शिकलेलं यंत्र दोन्ही जुळवून सांगतं, की हे दुखणं कुठल्या जातीचं आहे.

"पट्टीजवळ त्या त्या वेळी कुणाकुणाचे फोन होते, तेही ती टिपते," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे शाळेत दुखतं, घरी दुखतं, कुणी जवळ असताना दुखतं, ते कळतं. बोलणं मात्र टिपत नाही. त्याला कायद्यानं बंदी आहे."

"चूक किती होते?" ऋतुजानं सवयीनं विचारलं.

"शंभरात तीन."

ऋतुजाचं समाधान झालं. काट्याच्या हिशेबात ते जास्त होतं, पण आजवरच्या तीन डॉक्टरांपेक्षा पुष्कळच बरं होतं. तिनं कागदावर सही केली. पट्टीचे इशारे आणि आलेख आता तिच्या फोनवरही येणार होते.

सोळाव्या दिवशी डॉक्टरांनी तिला एकटीलाच बोलावलं. शर्वी शाळेत होती, पट्टी अजून तिच्या पोटावरच होती.

"आजार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जठर, आतडी, स्वादुपिंड, सगळं निरोगी आहे."

ऋतुजाला हुंदका फुटला. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता आला. तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि वर पाहिलं, तर डॉक्टर हसत नव्हत्या.

"पंधरा दिवसांत अकरा वेळा दुखलं. अकराही वेळा दुखायच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं ठेका मोडलाय, आणि तो भीतीनं मोडतो तसा मोडलाय. साधी भीती नाही. परीक्षेची, अंधाराची असते तशी नाही. ही पोर एखाद्या गोष्टीला फार घाबरते आणि ते पोटात दाबून ठेवते."

"कसल्या गोष्टीला?"

"ते यंत्राला कळत नाही. कुणाजवळ, एवढंच कळतं." डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. "अकरापैकी दहा वेळा हा एक फोन तिच्यापासून दोन मीटरच्या आत होता. बहुतेकदा शाळा सुटल्यावर."

तो नंबर ऋतुजाला तोंडपाठ होता. आबांना तो फोन तिनंच घेऊन दिला होता.

"हे चुकलंय," ती म्हणाली. "माझे वडील आहेत हे."

"मी कुणावर आरोप करत नाहीये. पण तुम्हाला सांगायला हवं. असा निकाल आला की बालसुरक्षा कक्षाकडे नोंद आपोआप जाते, ती थांबवणं माझ्या हातात नाही. दोन दिवसांत त्यांची बाई घरी येईल. तोवर मुलगी त्यांच्याबरोबर एकटी राहता कामा नये."

ऋतुजानं घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा. पाऊण वाजता शाळा सुटायची. आबा आत्ता घरातून निघाले असतील, टोपी घालून, शर्वीसाठी खिशात राजगिऱ्याची वडी घेऊन.

तिनं तिथूनच शाळेला फोन लावला. "शर्वी भोईटेची आई बोलतेय. तिला आजोबांच्या ताब्यात देऊ नका. कुणाच्याच देऊ नका. मी येतेय." आणि गाडीत बसल्यावर तिचे हात इतके कापायला लागले, की गाडीनं 'चालक अस्वस्थ' म्हणून सुकाणू स्वतःकडे घेतलं.

मिरज ते कराड सव्वा तास लागला. त्या सव्वा तासात तिनं दोन वर्षं पुन्हा पाहिली. आबा शर्वीची वेणी घालतायत. आबा दुपारी तिला झोपवतायत, दार लोटलेलं. मी आले की शर्वी त्यांचा हात का सोडायची नाही? की तेच तिचा हात सोडायचे नाहीत? तिनं प्रत्येक आठवण उचलून पाहिली आणि प्रत्येकीवर डाग दिसला.

शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात आबा उभे होते. दोन वाजले तरी.

"काय गं हे," ते म्हणाले, "हा वॉचमन मला आत सोडत नाही. रोज येतो मी. मला वाटलं, मीच चुकीच्या शाळेत आलो."

ती त्यांच्याकडे न बघता आत गेली. शर्वी ऑफिसातल्या बाकड्यावर दोन्ही हात पोटावर धरून बसली होती आणि खिडकीतून फाटकाकडे बघत होती.

घरी आल्यावर ऋतुजानं तिला आतल्या खोलीत नेलं आणि कडी लावली.

"शर्वी, मी विचारते त्याचं खरं उत्तर दे. मी रागावणार नाही. आबा तुला काही करतात?"

शर्वीनं आईकडे पाहिलं, मग दाराकडे.

"सांग ना बाळा."

"ते गुपित आहे."

ऋतुजा पलंगाच्या कडेला टेकली. "कसलं गुपित?"

"नाही सांगणार. सांगितलं तर तू आबांना घालवून देशील. आबाच म्हणालेत." एवढं बोलून पोर गुडघे पोटाशी घेऊन आडवी झाली. पुढं एक अक्षर बोलली नाही.

ऋतुजानं सौरभला फोन लावला. त्याला सगळं सांगितलं.

"ऋतू, आबा? अगं, काहीतरी चुकतंय."

"सगळे असंच म्हणतात, सौरभ. ज्यांच्या घरात असं होतं, ते सगळे आधी असंच म्हणतात."

"मी निघतो. बदली माणूस आला की निघतो. मी येईपर्यंत काही करू नकोस."

पण ती थांबू शकत नव्हती. आबा गॅलरीत बसून शर्वीचे वाळलेले गणवेश घडी करत होते. ती दारातच उभी राहिली.

"आबा, तुम्ही थोडे दिवस दादाकडे जा, फलटणला."

"जातो की. दिवाळीनंतर जाऊ."

"आत्ता जा. तीनची गाडी मिळेल."

त्यांचे हात थांबले. त्यांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. "शर्वीनं सांगितलं का तुला?"

"म्हणजे सांगण्यासारखं आहे तर."

"मीच तिला म्हटलं होतं, आईला सांगू नको." त्यांनी मान खाली घातली. "चुकलं माझं. पण ऋतू, मला—"

"नका!" ती ओरडली. "पुढं बोलू नका. मला ऐकवणार नाही ते. फक्त जा."

आबांनी पिशवी भरली. दोन सदरे, धोतर, चष्म्याचं घर. तिनं रिक्षा बोलावली, पण खाली सोडायला गेली नाही. फलटणला दादाला, म्हणजे थोरल्या भावाला, फोन करून एवढंच सांगितलं, की आबा येतायत, स्टँडवर घ्यायला ये, कारण नंतर सांगते.

रिक्षा गेल्याचा आवाज आला. दोन तास झाले असतील, डोळा लागलेली शर्वी उठून आतून बाहेर आली. "आबा कुठायत?"

"मामाकडे गेलेत."

"कुणाबरोबर?"

"एकटेच गेले. मोठे आहेत ते."

त्याच क्षणी ऋतुजाचा फोन थरथरायला लागला. पट्टीचा इशारा होता. असा तीव्र आलेख तिनं पंधरा दिवसांत पाहिला नव्हता. आबांचा फोन जवळ नव्हता... नाही, होता. पडद्यावर त्यांचा नंबर दिसत होता. ती त्यांच्या खोलीत धावली. फोन उशीजवळ चार्जिंगला लावलेला तसाच होता.

मागं शर्वी भडाभडा ओकली. ऋतुजानं तिला धरलं. पोरीचं अंग गार पडलं होतं आणि ती पहिल्यांदाच मोठ्यानं रडत होती.

"एकटे का पाठवलंस? त्यांना रस्ता सापडत नाही! त्यांना काहीच सापडत नाही गं आई!"

"म्हणजे? नीट सांग."

मग ते सगळं बाहेर आलं, हुंदक्यांतून, तुकड्यातुकड्यांनी. आबा शाळेतून येताना वळण विसरतात. शर्वी हात धरून त्यांना घरी आणते. एकदा ते कालव्याच्या पुलावर थांबले आणि तिला म्हणाले, 'बाळ, तू कुणाची? घरी जा, आई वाट बघत असेल.' एकदा गॅस चालू ठेवून झोपले, तो तिनं स्टुलावर चढून बंद केला. रोज शाळा सुटायची वेळ झाली की तिला वाटायचं, आज आबा फाटकाशी आलेच नाहीत तर? आले आणि मला ओळखलंच नाही तर? आणि आबा एकदा रडले होते. म्हणाले होते, आईला सांगू नको, तिला कळलं तर ती मला घालवून देईल.

ऋतुजा फरशीवर तशीच बसून राहिली. आयुष्यभर ती लोकांना सांगत आली होती, की काटा वजन सांगतो, पोत्यात काय आहे ते सांगत नाही. यंत्रानं भीतीचं वजन बरोबर सांगितलं होतं. पोरगी आबांना घाबरत नव्हती, आबांसाठी घाबरत होती. आणि हे सांगायला निघालेल्या बापाचं तोंड तिनं स्वतः बंद केलं होतं.

तिनं एस.टी.च्या चौकशीला फोन लावला. पलीकडून यंत्रानंच उत्तर दिलं: ज्येष्ठ नागरिकाचा पास तीनच्या कराड-फलटण गाडीत चढताना दाखवला गेला आहे. उतरताना पास दाखवावा लागत नाही. तिनं हट्टानं माणूस मागितला, माणसानं वाहकाला विचारलं. गाडी वडूजच्या पुढं गेली होती. टोपीवाले म्हातारे आता गाडीत नव्हते. कुठं उतरले, लक्षात नाही.

"शर्वी," ऋतुजानं तिचे खांदे धरले, "आबा हरवतात तेव्हा काय करतात?"

"उभे राहतात. मग गाड्यांचं बोलतात."

"कुठल्या गाड्यांचं?"

"वडूजच्या. म्हणतात, डेपोत जायला उशीर झाला."

वडूजला आबांची पहिली नेमणूक होती. ऋतुजाच्या जन्माआधीची.

शर्वीला शेजारी ठेवावं असं तिच्या मनात आलं, पण पोरीनं तिचा कुर्ता मुठीत धरला होता. "मी येणार. तुला नाही जमायचं ते."

वडूज पन्नास किलोमीटर. या वेळी तिनं गाडी यंत्राच्या हाती दिली आणि स्वतः रस्त्याची एक बाजू बघत राहिली, दुसरी शर्वी. प्रत्येक झाडाखाली, प्रत्येक मोरीवर. दादाचा फोन आला, त्याला तिनं उलट दिशेनं यायला सांगितलं. सौरभनं पोलिसांत कळवलं. येरळा नदीच्या पुलावर चार-पाच माणसं कठड्यावरून खाली वाकून बघताना दिसली, तेव्हा ऋतुजानं गाडी थांबवायला लावली. जवळ गेल्यावर कळलं, कुणाची तरी म्हैस पाण्यात उतरली होती.

वडूजचं जुनं स्टँड आता राहिलं नव्हतं. तिथं चार्जिंगची मोठी शेड झाली होती आणि विजेच्या गाड्या आवाज न करता मागंपुढं सरकत होत्या. शेडच्या मधोमध, गाड्यांच्या वाटेत, आबा उभे होते. एक हात वर करून ते समोरच्या गाडीला थांबायची खूण करत होते. त्या गाडीनं करकचून ब्रेक मारलेला. चालक खिडकीतून ओरडत होता, "ए म्हाताऱ्या, मरायचंय का? बाजूला हो!" त्यांच्या मागून दुसरी गाडी उलटी येत होती. आबांना ती ऐकू येणं शक्यच नव्हतं.

ऋतुजा धावणार तेवढ्यात तिच्या हातातला हात सुटला. शर्वी पळाली होती. दोन गाड्यांच्या मधून, सरळ.

"शर्वी!"

मागची गाडी थांबली. आबांच्या पाठीपासून तिच्यात हातभर अंतर राहिलं असेल. शर्वीनं ओरडाआरडा केला नाही, रडलीही नाही. आजोबांच्या समोर जाऊन उभी राहिली, त्यांचं एक बोट धरलं आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "आबा, शाळा सुटली. चला."

त्यांनी खाली पाहिलं. वर केलेला हात हळूहळू खाली आला. "सुटली? दप्तर कुठाय तुझं?"

"आईकडे आहे."

ती त्यांना घेऊन कडेला आली. ऋतुजासमोर आल्यावर आबा थबकले आणि नातीकडे वाकून हळूच म्हणाले, "या बाई कोण?"

"ती माझी आई आहे," शर्वी म्हणाली. "चांगली आहे ती."

बालसुरक्षा कक्षाच्या बाई शनिवारी सकाळी आल्या. घोरपडेबाई, पन्नाशीच्या, दमलेल्या. ऋतुजानं आणि सौरभनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "असं होतं हे मला मान्य आहे. पण घरचे लोक म्हाताऱ्या माणसाला वाचवायला काहीही सांगतात, हेही मी वीस वर्षं बघतेय. मुलीशी मला एकटीनं बोलावं लागेल. तुम्ही दारात थांबा, पण बोलायचं नाही. मुलीनं नाव घेतलं, तर आजोबांना या घरात राहता येणार नाही."

शर्वी खुर्चीत बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. बाईंनी शाळेचं विचारलं, मैत्रिणींचं विचारलं. मग म्हणाल्या, "शर्वी, तुला आबांची भीती वाटते?"

"हो," शर्वी म्हणाली.

सौरभनं ऋतुजाचा दंड घट्ट धरला. बाईंचं पेन कागदावर टेकलं. आबा पलीकडच्या खोलीत होते. त्यांना ऐकू गेलं असेल का, म्हणून ऋतुजानं तिकडच्या दाराकडे पाहिलं.

"खूप वाटते?"

"खूप."

"केव्हा वाटते?"

"रोज."

बाईंनी काहीतरी लिहिलं. ऋतुजाचं तोंड उघडलं, पण तिनं ओठ दाताखाली धरले. एक शब्द बोलली असती तर सगळंच खोटं ठरलं असतं.

"आबा काय करतील, असं वाटतं तुला?"

शर्वीनं बाईंकडे असं पाहिलं, जणू एवढी मोठी बाई आणि हिला एवढंही कळत नाही. "हरवतील ना."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी आणखी अर्धा तास विचारलं, वळसे घेऊन, उलटसुलट. शर्वीनं त्यांना कालव्याचा पूल सांगितला, गॅसचा खटका कुठल्या बाजूला फिरवायचा ते सांगितलं, आणि आबा विसरले की त्यांना 'विसरलात का' असं विचारायचं नसतं, तेही सांगितलं. जाताना बाई दारात थांबल्या. "या फॉर्मात 'धोका आहे' आणि 'धोका नाही' असे दोनच रकाने आहेत," त्या म्हणाल्या. त्यांनी दुसऱ्यावर खूण केली आणि खाली बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलं.

पुढच्या महिन्यात आबांच्या तपासण्या झाल्या. स्मृतिभ्रंश, सुरुवातीचा टप्पा ओलांडलेला. औषधानं वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. ऋतुजानं बदली मागून घेतली आणि दुपारी घरी राहू लागली. गॅसला आपोआप बंद होणारं कुलूप आलं. शाळेत शर्वीला ती स्वतः घ्यायला जायची, आबांना बरोबर घेऊन. पट्टी काढून टाकली. शर्वीचं पोट आठवड्यातून एखाद्या वेळी दुखायचं, पण आता ती जवळ येऊन सांगायची, कधीकधी रडायचीसुद्धा, आणि ऋतुजाला ते रडणं ऐकून बरं वाटायचं.

शुद्धीत असले की आबा पूर्वीसारखेच बोलायचे. असंच एकदा दुपारी शेंगा सोलता सोलता त्यांनी मान वर केली. "ऋतू, त्या दिवशी मला फलटणला का धाडलंस तू? माझं विसरणं तर तुला तेव्हा ठाऊकच नव्हतं."

सगळं विसरणाऱ्या माणसाला नेमकं हेच आठवावं! काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण ती त्यांच्याशी खोटं बोलली नाही. पट्टी काय म्हणाली, तिला काय वाटलं, सगळं सांगितलं, जमिनीकडे बघत. आबांनी हातातली शेंग परत टोपलीत टाकली.

"पोरीसाठी केलंस," शेवटी आबा म्हणाले. "खरं असतं तर तेच करायला पाहिजे होतं. फक्त मला बोलू द्यायचं होतंस."

तिनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्यांनी केसांवरून हात फिरवला. त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

चार दिवसांनी सकाळी चहा पिताना आबांनी कप खाली ठेवला. कपाळाला आठ्या घालून ते तिच्याकडे बघत होते.

"ऋतू," ते म्हणाले, "त्या दिवशी मला फलटणला का धाडलंस तू?"

आधीचं बोलणं त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं, माफीसकट. प्रश्न तेवढा राहिला होता. तो पुन्हा येणार, परवा, पुढच्या आठवड्यात, बहुधा ते तिला ओळखत असतील तोवर. आणि दर वेळी त्यांना ते पहिल्यांदाच ऐकावं लागणार, आणि दर वेळी ते तसंच म्हणतील असं नव्हतं. ऋतुजाच्या बेंबीपाशी काहीतरी पिळवटून आलं. आतल्या खोलीत शर्वी दप्तर भरत होती.

तिनं खुर्ची ओढली, त्यांच्या समोर बसली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.